सातवी ओळ

"सहा?" खिडकीतल्या बाईंनी अर्जांची चवड तळहातावर तोलून पाहिली.

"सहा. मोजून घ्या," बाबा म्हणाले.

बाईंनी मोजले. सहाच भरले. प्रत्येक अर्जावर फोटो चारही कोपऱ्यांनी चिकटवलेला, लशींचा दाखला मागे टाचलेला, रक्तगट लाल शाईत. खिडकी आठला उघडायची होती आणि बाबा पावणेसहालाच येऊन तिच्यासमोर उभे राहिले होते. त्यांच्या मागची रांग आता कुंपणाला वळसा घालून दिसेनाशी झाली होती. जागा होत्या चोवीस.

"यातली तुमची किती?"

"सगळी आमचीच," बाबा म्हणाले, आणि हे वाक्य मागच्या दहा-बारा जणांना नीट ऐकू गेले आहे ना, याची त्यांनी वळून खात्री करून घेतली.

बाईंनी सहा शिक्के मारले. शिक्का सरळ बसतो की तिरका, याकडे बाबांचे बारीक लक्ष होते. दुसरा थोडा तिरका बसला. बाबांनी तो उदार मनाने सोडून दिला.

बाबा बस डेपोत वेळापत्रकाचे कारकून होते. कुठली बस किती वाजता सुटायची, कुठे किती मिनिटे उभी राहायची, कुठल्या ड्रायव्हरने कुठे डबा खायचा, हे सगळे बावीस वर्षे त्यांच्या टेबलावर ठरत आले होते. बस वेळेवर आली की लोक ड्रायव्हरचे आभार मानत. उशिरा आली की म्हणत, "कुठल्या गाढवानं केलंय हे टाइमटेबल?" त्यामुळे शहरात रोज सर्वांत जास्त वेळा आठवण निघणारा नोकर म्हणजे बाबाच होते, फक्त नावानिशी कोणी ओळखत नसे.

त्यांच्या टेबलावर दोन रबरी शिक्के असत. बस उशिरा सुटली की ड्रायव्हरने चिठ्ठीवर कारण लिहून द्यायचे आणि बाबांनी त्यावर शिक्का मारायचा. 'कारण अमान्य' हा शिक्का झिजून झिजून तिसऱ्यांदा बदलला होता. 'कारण मान्य' मात्र नोकरीला लागल्या दिवशी मिळाला तोच होता आणि अजून त्याला नव्या रबराचा वास येत असे. एकदा एका ड्रायव्हरने लिहिले होते, 'एक आजोबा फार सावकाश उतरले.' बाबांनी ते अमान्य केले. वर शेरा मारला, 'हे आजोबा रोज तेवढ्याच सावकाश उतरतात. वेळापत्रकात धरलेले आहेत.'

अशा माणसाच्या हाती मुलांची उन्हाळी सुट्टी सापडली होती.

सुट्टी सात आठवड्यांची होती. बाबांची आणि आईची रजा मिळून नऊ दिवस. आई चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावायची आणि तिथे उन्हाळ्यात गर्दी कमी होईल ही आशा दर वर्षी फोल ठरायची. मधल्या आठवड्यांत मुलीला कुठेतरी शिबिरात घालणे भाग होते. गेली दोन वर्षे हे काम घाईघाईत उरकले गेले. पहिल्या वर्षी यंत्रमानव शिबिर झाले. त्यात मुलीने केलेला यंत्रमानव फक्त डावीकडे वळायचा आणि अजूनही कपाटाखालून बाहेर आलेला नाही. दुसऱ्या वर्षी आत्मविश्वास शिबिर झाले. त्यात तिला इतका आत्मविश्वास आला, की चौथ्या दिवशी तिने शिबिराला जायला साफ नकार दिला.

या वर्षी बाबांनी तक्ता करायला घेतला. माहितीपत्रके बावीस होती आणि त्यांतल्या एकविसांवर 'सर्वांगीण विकास' हे शब्द होते. बाविसाव्यावर नव्हते, ते पत्रक पोहण्याच्या तलावाचे होते. बाबांनी आडव्या ओळी आखल्या, उभे रकाने आखले. हिरवा रंग सोडायला जाण्याचा, निळा आणायला जाण्याचा. सकाळी सात चाळीसला घरातून निघायचे, सात बावन्नला पहिला थांबा.

हा तक्ता तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना जुळ्या मुली होत्या.

"भाऊ, आमच्या दोघींना यात बसवता?"

बाबांनी बसवले. मग बँकेतल्या ताईंचा मुलगा आला. हा साडेनऊ वर्षांचा, सगळ्या इमारतीवर हुकमत चालवायचा, जिन्यात कोण कुठल्या पायरीवर बसणार हेसुद्धा तोच ठरवायचा. त्याला सगळे जनरल म्हणत. मग तळमजल्यावरची तीन भावंडे आली, ज्यांना एकत्र घ्यायला आजवर कुठलेच शिबिर तयार झाले नव्हते. महिन्याभरात बाबांच्या फ्रीजवर सहा मुले, पाच शिबिरे, चार वाहने आणि तीन रंग असलेला तक्ता झळकू लागला. येणारे-जाणारे त्याच्यासमोर थबकत. पाणी मागायला आलेला गॅसवालासुद्धा दोन मिनिटे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "कुठं काही धडकत नाही बघा."

बाबांना इतके बरे आजवर कोणी म्हटले नव्हते.

त्यांची स्वतःची मुलगी नऊ वर्षांची होती. स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून कुठेतरी चाललेली असायची, म्हणून तिला घरात मुंगी म्हणत. मुंगीला शिबिरांबद्दल फारसे म्हणणे नव्हते. तिची मागणी एकच होती.

"बाकीचं तू काहीपण लाव, बाबा. माती लाव, अक्षर सुधारणं लाव, आत्मविश्वास लाव. पण ते तळ्याचं लाव."

तळ्याकाठच्या शिबिरात सात दिवस तंबूत राहायचे असते आणि होडी वल्हवायची असते. त्याला नऊ वर्षे पूर्ण लागतात. गेल्या वर्षी मुंगी आठ वर्षांची होती, म्हणून खिडकीतल्या बाईंनी तिला परत पाठवले होते आणि जाताना म्हटले होते, "पुढच्या वर्षी ये हं." असे बोलायची मोठ्यांची रीत असते. मुंगीने मात्र ती वेळ दिलेली धरली. वर्षभर ती दिवाणावर उलटी बसून दोन केरसुण्यांनी होडी वल्हवत होती. घरात केर कमी निघायचा, पण दिवाण बराच पुढे सरकला होता.

बाकी शिबिरांची नोंदणी आईने दुकानातून फोनवर केली. तळ्याच्या शिबिराला मात्र खिडकीवर जावे लागे. म्हणून ते काम बाबांकडे आले, आणि म्हणून त्या शनिवारी सकाळी सहा शिक्केबंद पावत्या घेऊन बाबा साडेनऊला घरी पोचले.

दिवाणखान्यात सगळी जमली होती. बाबांनी पावत्या वाटल्या. जुळ्यांना दोन. भावंडांना तीन. जनरलने आपली पावती उजेडाकडे धरून तपासली आणि खिशात घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचे दात मी जन्मभर फुकट बघेन." मुंगी हात पुढे करून उभी होती. बाबांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. पिशवी उलटी केली.

मुंगी फ्रीजपाशी गेली. तक्त्यावर वरून खाली बोट फिरवत आली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली आली.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुठली ओळ?"

बाबांनी तक्त्याकडे पाहिले.

डेपोच्या वेळापत्रकात प्रत्येक बसला एक ओळ असते. डेपोला ओळ नसते. सगळ्या बस डेपोतून निघतात, डेपोत परत येतात, सगळी मिनिटे डेपोपासून मोजतात. पण खुद्द डेपो कोणी लिहीत नाही. तो कुठे जाणार आहे? बाबांच्या तक्त्यात 'मुंगीच्या दारातून' होते, 'मुंगीबरोबर' होते, 'मुंगीला सोडून पुढे' होते. तिचे नाव एकतीस वेळा आले होते. तिची ओळ मात्र नव्हती, आणि बाबांनी अर्ज भरले होते ते ओळीवरून.

खोलीत एकदम फार माणसे आहेत असे सगळ्यांना वाटले आणि ती आपापल्या घरी गेली.

आईने बराच वेळ तक्ता वाचला. ती माणसांची नजर तपासणारी बाई, खालची बारीक ओळसुद्धा तिने सोडली नाही. मग म्हणाली, "बावीस वर्षांत एक बस विसरला नाहीत. मूल विसरलात. आणि आपल्याला एकच आहे."

"अगं, मी..."

"आता बोलू नका. जा आधी."

बाबा गेले. खिडकी बंद होत होती.

"अहो, तुमची सगळी घेतली ना मी?" बाई म्हणाल्या.

"एक राहिलं."

"कोणाचं?"

"आमचं."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. असा माणूस पाहायला चष्म्याची गरज नसते. "लोकांची सहा आणलीत आणि घरचं विसरलात?"

"हो."

"नाव लिहून घेते. प्रतीक्षा यादीत पहिला नंबर. पण खरं सांगू का, इथून कोणी परत जात नाही हो."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई खाली आल्या. "भाऊ, माझी एक काढते. कुठलीही घ्या." दारात उभ्या असलेल्या जुळ्यांनी तत्काळ एकमेकींकडे बोट दाखवले. बँकेतल्या ताई म्हणाल्या, "मी जनरलला मागे ठेवलं असतं हो, पण तो घरी राहिला तर मला रजा काढावी लागेल, आणि तो ती मंजूर करायचा नाही."

मुंगी म्हणाली, "नको, काकू. त्यांचे शिक्के झालेत."

ती रडली नाही. रडली असती तर बाबांना बरे वाटले असते. तिने पट्टी घेतली, स्टूल ओढले आणि तक्त्याच्या तळाशी स्वतःच एक सातवी ओळ आखली. पुढे 'मुंगी' लिहिले. इतर शिबिरांचे आठवडे भरले. तळ्याच्या आठवड्याचे सात रकाने कोरे सोडले. मग स्टूल जागेवर ठेवून हात धुवायला गेली. तळ्यासाठी मुंगीने आधीच भरून ठेवलेली पिशवी आईने पलंगाखाली सरकवली. ती रिकामी करायचे कोणी बोलले नाही.

तो आठवडा आलाच. सोमवारी सकाळी सहाजण शिबिराच्या गाडीत चढले. मुंगी निरोप द्यायला आली होती. जनरलला तिने खिडकीतून बजावले, "पाठ पुढे करून बसायचं. ज्या बाजूला जायचंय तिकडे पाठ. नाहीतर गोल फिरशील."

"मला माहितीये," जनरल म्हणाला. त्याला माहीत नव्हते.

मग ती बाबांबरोबर डेपोत गेली, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

वेळापत्रकाची खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली बस आत-बाहेर करत आणि दर वेळी काचा थरथरत. कोपऱ्यात एक रिकामे टेबल होते, तिथे मुंगी बसली. तासाभरात तिने नऊ पेन्सिलींना टोके केली. मग ती शिक्क्यांपाशी आली.

"हा नवीनच आहे?"

"जुना आहे. वापरला नाही."

"का?"

"तसं कारण अजून आलं नाही."

"बावीस वर्षांत एक पण नाही?" मुंगीने शिक्का उचलून वास घेतला. "तू फार खडूस आहेस का रे इथे?"

दारात सोळा नंबरचे काका चिठ्ठी घेऊन उभे होते. ते सोळा नंबरच्या मार्गावर अठरा वर्षे बस चालवत होते, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. मुंगीचा प्रश्न ऐकून ते इतके खूष झाले, की चिठ्ठी न देताच खुर्ची ओढून बसले.

"विचार पोरी, विचार. पंपघराच्या थांब्यावर मला नऊ मिनिटं देतात हे. अकरा वर्षं झाली, म्हणतोय बारा करा. चहा गरम असतो, साहेब. नऊ मिनिटांत पिववत नाही."

"फुंकून प्या," बाबा म्हणाले.

"पंपघर म्हणजे कुठं?" मुंगीने विचारले.

"तळ्यावरचं. शहराला पाणी जातं ते. तुमचं ते तंबूवालं शिबिर आहे ना, त्याच्या बरोब्बर समोरचा काठ. तिथला रखवालदार माझा दोस्त. शेवाळ काढायला होडी आहे त्याच्याकडे."

मुंगीने बाबांकडे पाहिले.

नियमाप्रमाणे वेळापत्रकाच्या कारकुनाने दर महिन्याला एका मार्गावर स्वतः बसून वेळा तपासायच्या असतात. हा नियम बाबांना तोंडपाठ होता आणि बावीस वर्षांत त्यांनी तो एकदाही पाळला नव्हता. बसमध्ये बसल्यावर बस लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मार्गतपासणीचा अर्ज लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेब इतके चकित झाले की त्यांनी अर्ज न वाचता सही केली.

"कुठला मार्ग?"

"सोळा नंबर. आठवडाभर."

"इतकं काय बिघडलंय त्यात?"

"तेच बघतो."

पंपघराचा रखवालदार बोलण्याच्या बाबतीत काटकसरी होता. होडी त्याच्याहून वयाने मोठी होती आणि तिचा रंग कुठला होता हे आता सांगता आले नसते. त्याने मुंगीला जॅकेट घातले, बाबांना घातले, बाबांचे बंद लागेनात म्हणून सुतळीने बांधले आणि दोरी सोडली.

होडी गोल फिरली. पुन्हा गोल फिरली. काठावरून रखवालदार म्हणाला, "दोन्ही हात."

वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते. आपण कुठे चाललो हे त्याला दिसत नाही, आपण कुठून निघालो तेवढे दिसते. पुढचे समोर बसलेल्याने सांगायचे. बाबा समोर बसले होते, मांडीवर डबा घेऊन.

"डावीकडे. अगं, माझ्या नाही, तुझ्या डावीकडे. थोडं. थोडं म्हटलं!"

"थोडं म्हणजे किती? मिनिटात सांग."

"मिनिटात नसतं ते."

"मग तुला काय येतं?"

सोमवारी त्यांनी सात फेऱ्या मारल्या, सगळ्या जागच्या जागी. मंगळवारी होडी सरळ गेली. पन्नासएक हातांवर एक निळे पिंप पाण्यावर तरंगत होते, तिथपर्यंत गेली, पिंपाला टेकली आणि परत आली. बाबांनी पाण्यावर बसून डबा खाल्ला. भाजी गार झाली होती. नोकरीला लागल्यापासून डेपोच्या भिंतीकडे तोंड न करता जेवण्याची त्यांची ही दुसरी वेळ. पहिली आदल्या दिवशीची. बस मात्र त्यांना लागली नाही. सोळा नंबरचे काका म्हणाले, "बावीस वर्षं उगाच घाबरलात, साहेब. आमची गाडी गोड आहे."

"उद्या लांबचं पिंप," परतताना मुंगी म्हणाली. "ते लाल."

"लाल लांब आहे."

"म्हणून तर."

बुधवारी सकाळी साडेदहाला टेबलावरचा फोन वाजला.

"वेळापत्रकवाले का? मी शिबिराच्या खिडकीतली. तुमच्या सहातला एक आत्ता घरी गेला. आई येऊन घेऊन गेली."

"कोण?"

"तो फार ऐटीत चालतो ना, तो. त्याला बेडकांच्या आवाजाची भीती वाटते. दोन रात्री तंबूत उभा होता बिचारा. जागा झालीय. दोनपर्यंत आणा तुमचीला, नाहीतर मी पुढच्या नंबरला विचारते."

बाबांनी फोन ठेवला. मुंगी कोपऱ्यातल्या टेबलावर तळ्याचा नकाशा काढत होती. निळे पिंप झाले होते, आता लाल काढत होती. तिने काही ऐकले नव्हते. खाली एक बस फाटकातून बाहेर पडत होती आणि काचा थरथरत होत्या.

बस बाहेर पडून वळेपर्यंत बाबांना बरीच कारणे सुचली. अर्धा आठवडा तर संपलाच आहे. तंबूतल्या मुलींचे गट आता जमले असतील, मधेच जाणाऱ्याला परके वाटते. पिशवी घरी आहे. होडी तर तिला इथेही मिळते आहे, तीही रांग न लावता. शिवाय आज लाल पिंप ठरलेले आहे, आणि गुरुवार आहे, शुक्रवार आहे. कारणे चांगली होती. इतकी चांगली कारणे त्यांच्याकडे कुठल्या ड्रायव्हरनेही कधी लिहून दिली नव्हती.

बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ती एकेक करून अमान्य केली.

"मुंगी," ते म्हणाले, "तुझी जागा झाली."

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली. क्षणभर तिला कळलेच नाही. मग ती उठली, खुर्ची मागे पडली, ती उचलून तिने नीट ठेवली आणि मग उडी मारली. दुसरी मारली. मधेच थांबली.

"आणि लाल पिंप?"

"ते पळून जात नाही."

"आणि तू? डबा कुठे खाणार?"

"मला काय, टेबल आहे."

आईला फोन केला. तिने जनरलचे सगळे नीट ऐकून घेतले, "बिचारा" म्हणाली, हसली, आणि म्हणाली, "पलंगाखाली आहे पिशवी. तशीच आहे. मी नव्हती सोडली." जरा थांबून तिने विचारले, "तुम्ही ठीक आहात ना?" चष्म्याच्या दुकानात बसून तिला एवढ्या लांबचे दिसत होते.

पिशवी मुंगीपेक्षा मोठी होती. ती मुंगीनेच उचलली. सोळा नंबर शिबिराच्या फाटकावरून जाते, पंपघर त्याच्या पुढे दोन थांबे. काकांनी बस फाटकासमोर अगदी अंगणात लावावी तशी लावली. बाई वाटच पाहत होत्या.

"हीच का ती राहिलेली?"

"मी गेल्या वर्षी पण आले होते," मुंगी म्हणाली. "तुम्ही पुढच्या वर्षी ये म्हणालात."

आतून जुळ्या धावत आल्या. दोघी एकदम बोलत होत्या: होडी सारखी गोल फिरते, सर ओरडतात, सरांनाही येत नाही. मुंगीने पिशवी एकीच्या हातात दिली आणि दुसरीला म्हणाली, "पाठ कुठे करता?" बोलता बोलता तिघी तंबूंच्या मागे गेल्या. वळून पाहायचे तिच्या लक्षात आले नाही. एका मोठ्या कामावर निघालेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

बाबा पुन्हा बसमध्ये चढले आणि पंपघरापर्यंत गेले. तपासणीचा मार्ग पुरा करायला हवा होता. डबा त्यांनी धक्क्यावर बसून खाल्ला. रखवालदाराने त्यांच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, मग होडीकडे पाहिले.

"गेली?"

"गेली."

"बरं झालं," रखवालदार म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्हाला येते का वल्हवायला?"

"नाही. मी नुसता सांगतो."

काका एक फेरी मारून आले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. सुटायची वेळ तीन एकोणीस. पलीकडच्या काठावर नारिंगी जॅकेटे पाण्यात उतरत होती. चार होड्या निघाल्या. तीन जागच्या जागी फिरू लागल्या. चौथी सरळ आली. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हते, आणि दिसलेही नसते, कारण वल्हवणाऱ्या मुलीची पाठ इकडे होती. दोन्ही हात बरोबर उचलले जात होते. समोर कोणीतरी बसून डावीकडे-उजवीकडे हात करत होते आणि ती त्याच्याकडे दुर्लक्ष करत होती.

काकांनी इंजिन चालू केले. "साहेब. झाली वेळ."

बाबा धक्क्यावर उभे होते. होडी लाल पिंपापाशी पोचत होती.

"साहेब, तीन एकोणीस."

"एक मिनिट," बाबा म्हणाले.

काकांना वाटले आपण भलतेच काही ऐकले. त्यांनी इंजिन बंद करून खात्री केली.

होडी पिंपाला टेकली, वळली आणि परत निघाली. आता मुलीची पाठ पलीकडच्या काठाकडे होती आणि तोंड इकडे. बाबांनी हात वर केला. हलवला नाही, उगाच लक्ष विचलित व्हायचे. नुसता थोडासा डावीकडे कलता केला. होडी थोडीशी डावीकडे वळली. कदाचित ती तशीही वळणारच होती.

मग ते बसमध्ये चढले आणि खिडकीपाशी बसले. शेजारी रिकामा डबा ठेवला.

"कारण काय लिहू?" काकांनी विचारले.

"जे झालं ते लिहा."

संध्याकाळी त्यांनी फ्रीजवरच्या सातव्या ओळीत बुधवार ते रविवार 'तळे' असे लिहिले. सोमवार आणि मंगळवारचे दोन रकाने कोरे राहिले. ते थोडा वेळ पेन्सिल घेऊन उभे राहिले आणि मग त्या दोन्हींत त्यांनी बारीक अक्षरात लिहिले, 'पंपघर'. आईने येता-जाता ते वाचले आणि दिवाण भिंतीला सरकवायला त्यांना हाक मारली.

गुरुवारी सकाळी ते टेबलावर आले. कोपऱ्यातल्या टेबलावर नऊ पेन्सिली टोक वर करून उभ्या होत्या. समोर चिठ्ठी पडली होती, काकांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात.

मार्ग सोळा. पंपघर. सुटण्यास उशीर, एक मिनिट. कारण: होडी.

बाबांनी ती दोनदा वाचली. मग दुसरा शिक्का उचलला. तो पॅडवर दाबला, चिठ्ठीवर दाबला. इतक्या वर्षांत रबर कडक झाले होते, अक्षरे उठलीच नाहीत. त्यांनी शिक्का तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली, पुन्हा शाईवर टेकवला आणि या वेळी दोन्ही हातांनी, सावकाश, बराच वेळ दाबून धरला.